किनुएकडची पंधरा मतं

आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. कोनोउरात ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं तेही ठेवत नाहीत, मग तुम्ही तर वाटेतल्या गावांतून चढलेली माणसं. पण शहर यायला अजून पन्नास मिनिटं आहेत, गाडीचा रेडिओ बंद पडलाय, आणि उपासनेच्या आधी थोडं खोटं कानावर पडलेलं बरं असतं. पापकबुलीच्या वेळी काहीतरी ताजं हाताशी राहतं.

तर कोनोउराच्या लुथरन चर्चमध्ये एक वर्ष असं गेलं की प्रत्येक प्रार्थनेला दोन आमेन व्हायचे. आधी डावीकडच्या बाकांवरून एक, मग श्वासभर थांबून उजवीकडून दुसरा. पाळक हिराकोबा सेन्सेई बिचारे दोन्हींच्या मध्ये हात जोडून उभे. एका रविवारी तर त्यांनी त्या मधल्या वेळात खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची घडी घालून परत ठेवली, तेव्हा कुठे उजवीकडचा आमेन आला.

भांडण होतं म्हणाल, तर छे. कोनोउरात भांडण होत नाही. दोन शेजाऱ्यांचं चाळीस वर्षं पटत नसेल तर ते चाळीस वर्षं वर्षाअखेरीला एकमेकांना संत्र्यांची पेटी पाठवतात. दर वर्षी जरा जास्त महागाची, एवढाच काय तो राग.

झालं होतं ते असं. सेन्सेईंच्या गळ्यात तीन मंडळ्या होत्या. एवढीशी गाडी, मागच्या सीटवर पाळकाचा झगा, पुढे प्रभुभोजनाच्या भाकरीचा डबा, आणि महिन्यातले दोन रविवार कोनोउराचे. उरलेल्या रविवारी छापील प्रवचन वाचायचं. मग वरच्या मंडळाचं पत्र आलं. भाषा इतकी मऊ की पहिल्या वाचनात सगळ्यांना ते अभिनंदनाचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की येत्या मार्चअखेर कोनोउराची मंडळी शहरातल्या मंडळीत सामील व्हावी, इथलं चर्च बंद करावं, असा विचार आहे. तरी मंडळीने प्रार्थनापूर्वक आणि एकमताने ठरवावं.

सगळा घोटाळा त्या ‘एकमताने’ने केला. नुसतं ‘ठरवावं’ लिहिलं असतं तर कदाचित ठरवलं असतं. पण कोनोउराच्या सत्तर वर्षांत एकमताशिवाय दुसरं काही झालंच नव्हतं. छप्पर बदललं ते एकमताने, ऑर्गन घेतला तो एकमताने. वार्षिक सभेत सेन्सेई विचारायचे, काही हरकत? मग एक श्वास शांतता. मग ओगुसु शिगेको-सान नोंदवहीत लिहायच्या, सर्वानुमते मंजूर. पुढे पुढे तर त्या शनिवारीच घरी बसून सगळं लिहून आणायला लागल्या. एकतीस वर्षांत त्यांना एक शब्द खोडावा लागला नव्हता.

आता डावी-उजवी सांगतो. डावीकडे उशिजिमा कानेसुके, वय एकोणऐंशी, सगळा जन्म नोरीच्या व्यापारात गेलेला, त्यामुळे रविवारच्या कोटालाही समुद्री शेवाळाचा वास. त्यांचं म्हणणं, शहरात जावं. त्यांच्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी तीन दिवस बर्फात ठेवावं लागलं होतं, कारण सेन्सेई दोन लग्नं आणि एक परिषद उरकल्याशिवाय येऊ शकत नव्हते. उशिजिमा-साननी ते तिन्ही दिवस बर्फ बदलला होता. आपल्या वेळी पाळक हाकेच्या अंतरावर असावा, एवढीच त्यांची मागणी.

उजवीकडे फुकाहोरी तोकी, वय ब्याऐंशी, निवृत्त शाळामास्तरीण, ऑर्गन त्याच वाजवायच्या. त्यांचं म्हणणं, इथेच राहावं. शेवटचा माणूस उरेपर्यंत इथे दिवा लागला पाहिजे. आणि तो शेवटचा माणूस आपणच असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही दोन्ही म्हणणी गावातल्या मासेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. उशिजिमा-साननी तोकी-सानना आणि तोकी-साननी उशिजिमा-सानना मात्र त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. दोघं दारात भेटायची, कमरेत वाकायची, आज वारा फार आहे म्हणायची. बाकीचं सगळं वस्तूंनी बोलून घेतलं. सभागृहात रॉकेलचा एकच हीटर होता, चाकांचा, मधोमध ठेवलेला. त्या हिवाळ्यात तो दर रविवारी आठ-दहा वेळा कोणाचा तरी पाय लागून डावीकडे चार बोटं सरकायचा, मग आणखी कोणाचा तरी पाय लागून उजवीकडे चार बोटं. सरकवताना कोणी दिसायचं नाही. सेन्सेईंनी फरशीवर खडूच्या खुणा करून मोजलं, तर नाताळच्या आधीपासून जानेवारीपर्यंत हीटर एकूण साडेसात मीटर चालला होता आणि होता तिथेच होता.

आणि करी. उपासनेनंतर करी-भात खायचा हे देवाने सातव्या दिवशीच ठरवून ठेवलेलं आहे, आणि कोनोउरात सत्तर वर्षं त्याचं पातेलं एकच होतं. त्या वर्षी दोन झाली. उशिजिमांच्या घरची करी सफरचंद किसून घातलेली, गोडसर. तोकी-सानची अशी तिखट की कपाळ भिजावं. कोण कुठल्या पातेल्यापुढे ताटली धरतो हे सगळ्यांना दिसायचं, म्हणून अध्यक्षांनी दोन्हीकडची एकेक ताटली खावी असं ठरलं. ठरवलं कोणीच नाही. ठरलं.

अध्यक्ष म्हणजे ईसायामा किनुए. गोष्ट तिची आहे.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान. नवरा यासुमिची बावीस वर्षं मंडळीचा अध्यक्ष. दीड वर्षापूर्वी सप्टेंबरात तो दुकानात इस्त्रीची पिन लावायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या अस्थी चर्चमध्ये ठेवून झाल्या, त्याच्या पुढच्या रविवारी बैठकीच्या खोलीत किनुए नेमकी त्याच्याच खुर्चीवर बसली. मुद्दाम नाही. दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर बसायचं ते तिला सुचलं नव्हतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहून माना लववल्या, आणि शिगेको-साननी लिहिलं, ईसायामा किनुए, अध्यक्ष, सर्वानुमते.

तिला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत तिला कशाचंच काही वाटत नसे. रडू येत नव्हतं. भूक लागत असेल तर ती कळत नव्हती. लोक बोलायचे ते शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं ऐकू यायचं, आवाज आहे एवढं कळायचं. दर रविवारी दोन्ही ताटल्या ती संपवायची. गोड कुठली आणि तिखट कुठली ते तिला जिभेवरून नाही, कपाळावरच्या घामावरून समजायचं. वर्षभरात स्कर्टचा हूक तीनदा पुढे घ्यावा लागला. एकदा वेदीवरचं पांढरं कापड इस्त्री करताना जळका वास आला. तिला वाटलं कापड करपलं. उलटंसुलटं करून पाहिलं तर कापड स्वच्छ होतं. बोट होतं.

अशी बाई अध्यक्ष म्हणून फार सोयीची. ती ऐकून घेते, मध्ये तोंड घालत नाही, घड्याळाकडे पाहत नाही. तिच्यापुढे बसलं की ज्याला त्याला वाटतं, इतकं समजून घेणारं माणूस दुसरं नाही.

उशिजिमा-सान दुकानात यायचे ते एकाच वेळी तीन शर्ट घेऊन. शर्ट स्वच्छच असायचे. काउंटरवर कोपर टेकवून ते यासुमिचीच्या आठवणी काढायचे, किती व्यवहारी माणूस, वेळ कशी ओळखायचा. मग आवाज खाली आणून म्हणायचे, "तुम्ही आमच्याच बाजूने आहात, किनुए-सान. वेगळं विचारायला नको."

किनुए म्हणायची, "हो का."

तोकी-सान यायच्या त्या गुरुवारी, एकच ब्लाउज घेऊन, तेही कागदात गुंडाळून. बाहेर कोणी नाही ना पाहून त्या म्हणायच्या, "तुमचा माणूस तिथे आहे. तुम्ही त्याला टाकून कुठे जाणार? मला काय माहीत नाही होय."

किनुए म्हणायची, "हो का."

या दोन शब्दांवर त्या वर्षी कोनोउरात दोन पक्ष उभे होते, आणि दोन्ही पक्षांचा पुढारी एकच होता.

खुद्द किनुएला काय हवं होतं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने हो का म्हटलं असतं. पण हवं होतं. सगळं सुन्न झालेल्या त्या बाईच्या आत एक एवढीशी गोष्ट जागी होती.

चर्चच्या घंटेखाली एक अरुंद खोली आहे. तिथे देवदाराच्या फळीवर मंडळीतल्या गेलेल्या माणसांच्या अस्थी असतात, पांढऱ्या कापडात बांधलेल्या बरण्यांत. त्या वर्षी तेवीस होत्या. ती फळी यासुमिचीनेच ठोकलेली. ठोकली तेव्हा पेन्सिलने कागदाच्या पट्ट्यांवर नावं लिहून त्याने आपल्या दोघांची जागाही धरून ठेवली होती, थेटरात रुमाल टाकून खुर्ची धरतात तशी. ईसायामा यासुमिची, आणि लगेच शेजारी ईसायामा किनुए. तेव्हा दोघं त्यावर पोट धरून हसली होती. आता त्याच्या पट्टीवर बरणी होती आणि तिची पट्टी मोकळी होती.

शहरातल्या चर्चमध्ये तिसऱ्या मजल्यावर पोलादी कपाट आहे, छोट्या छोट्या दारांचं, दारावर आकडे, कार्ड लावलं की उघडणारं. सेन्सेईंनी तिला फोटो दाखवला होता. यासुमिची-सानना एकेचाळीस नंबर मिळेल. आणि तुम्हाला, म्हणजे देव करो आणि ती वेळ उशिरा येवो, पण तेव्हा जो नंबर रिकामा असेल तो. चाळीस आणि बेचाळीस आधीच भरलेले आहेत. खोली मात्र एकच, असं म्हणून सेन्सेईंनी मान खाली घातली, कारण माणूस वाईट नव्हता.

मंगळवारी दुकान बंद. मंगळवारी किनुए घंटेखालची खोली झाडायची आणि लाकडी स्टुलावर बसून नवऱ्याला आठवड्याचे कपडे सांगायची. कोणाचा कोट आला, कोणाच्या बाहीवर कसला डाग. तिथेही तिला काही वाटत नसे. फरक इतकाच की बाकी सगळीकडे, काही वाटत नाही याची तिला लाज वाटायची, आणि तिथे वाटायची नाही. आपल्याला इथेच, याच्या शेजारी ठेवावं. जगाकडून तिची एवढीच अपेक्षा उरली होती. आणि चर्च बंद झालं की ती मिटली.

आता सभेचं ऐका. इथूनच तुम्ही मला खोटारडा म्हणायला लागाल.

वार्षिक सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. ज्याला येता येत नाही त्याने एका कागदावर सहीऐवजी आपला शिक्का उमटवून आपलं मत दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचं, अशी रीत आहे. कोणाच्या हाती, ते लिहायला एक रेघ असते. नाव सुचलं नाही तर रेघेवर ‘अध्यक्षांकडे’ लिहून मोकळं व्हायचं. मंडळीच्या यादीत एकोणीस नावं. त्या वर्षी प्रत्येकाने घरी बसून एकच विचार केला. सभेला गेलो तर उशिजिमा-सान आणि तोकी-सान यांच्या देखत हात वर करावा लागणार. एकाला दुखवावं लागणार. त्यापेक्षा कागद पाठवावा. किनुए-सान काय, आपल्याच बाजूच्या आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग कारणं उगवली. गुडघे धरले. नातवंडांना ताप आले. एकाला तर रविवारी उघडा असलेला दाताचा डॉक्टर सापडला, त्या किनाऱ्यावर तो आधी आणि नंतर कोणालाच सापडलेला नाही. एका कागदावर कंबर असं कारण होतं. तो ही गोष्ट सांगणाऱ्याचा, त्याबद्दल जास्त विचारू नका. आणि एक कागद वाकासुगी आजींचा. आजींनी नोव्हेंबरातच शिक्का मारून ठेवला होता, सगळी कामं वेळेआधी करायची सवय, आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात त्या वारल्या. यादीतून नाव मार्चअखेरीलाच कमी होतं. मेलेल्या माणसाच्या कागदाबद्दल नियमांत काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे आजी स्वतः घंटेखालच्या फळीवर आणि त्यांचं मत किनुएच्या दुकानात, असं आठवडाभर चाललं.

सात कागद तोकी-साननी स्वतः आणून दिले. आपल्या माणसांचे सात, म्हणून त्या हसल्या आणि कागदावरून हात फिरवला. सहा उशिजिमा-साननी आणले, तेही हसले. दोन पोस्टाने आले. किनुएने ते शर्टांच्या चिठ्ठ्यांच्या खणात ठेवले आणि विसरली.

शुक्रवारी चिठ्ठ्या काढताना ते हाताला लागले. पंधरा कागद, पंधरा तांबडे शिक्के. सोळावं मत तिचं स्वतःचं. सभेला येणारी बाकीची माणसं तीन: उशिजिमा-सान, तोकी-सान आणि नोंदवही लिहायला शिगेको-सान. किनुए काउंटरवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. बाहेर ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता, आणि तो वास आपल्याला येतोय हे तिला कळत होतं. हे चर्च राहणार की जाणार, हे ना वरच्या मंडळाच्या हातात होतं, ना सेन्सेईंच्या. ते इथे या खणात, शर्टांच्या चिठ्ठ्यांवर पडलं होतं. तिने फक्त ‘नको’ म्हणायचं होतं.

फक्त. कोनोउरात तो शब्द कसा म्हणतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शनिवारी दुकानाचा पडदा ओढून तिने सराव केला. इस्त्रीच्या फळीपुढे ताठ उभी राहून ती म्हणाली, माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदा ते प्रश्नासारखं आलं. दुसऱ्यांदा माफी मागितल्यासारखं. मग तिने हँगरवरचे उशिजिमा-सानचे तीन शर्ट समोर टांगले, शेजारी तोकी-सानचा ब्लाउज, आणि त्यांना सांगून पाहिलं. शर्ट काही बोलले नाहीत, ब्लाउजही रागावला नाही. अकराव्या वेळेला ते वाक्य वाक्यासारखं आलं. तिने इस्त्री बंद केली आणि पिन काढून ठेवली.

रविवारी उपासना झाली, करी झाली, दोन्ही ताटल्या झाल्या. सभागृहात टेबलाभोवती पाच माणसं बसली. किनुएच्या पुढ्यात पंधरा कागदांची चवड, एकावर एक, कडा जुळवलेल्या. शिगेको-सानची वही उघडी होती आणि तिसऱ्या विषयापुढे आदल्या दिवशीच्या शाईत लिहिलेलं होतं, सर्वानुमते मंजूर. मंजूर म्हणजे नेमकं काय, ते लिहायला जागा सोडली होती.

उशिजिमा-साननी चवडीकडे पाहिलं, आपले सहा आठवले आणि डोळे मिटून घेतले. तोकी-साननी आपले सात आठवले आणि मांडीवर हात जुळवले. दोघंही निवांत होती. इतकी निवांत माणसं त्या हिवाळ्यात कोनोउरात दुसरीकडे कुठे नव्हती.

पहिला विषय छपराचा, दुसरा ऑर्गनच्या दुरुस्तीचा. दोन्ही झाले. मग सेन्सेईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पत्रातला मजकूर वाचला. शहरातल्या मंडळीत सामील व्हावं, मार्चअखेर इथली शेवटची उपासना, अस्थी पूज्यभावाने तिसऱ्या मजल्यावर. वाचून झाल्यावर त्यांनी टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, किनुएपाशी थांबवली आणि विचारलं, "काही हरकत?"

सेन्सेई नेहमीचा एक श्वास थांबले. मग आणखी एक थांबले, हे सत्तर वर्षांत कुठल्या पाळकाने केलं नव्हतं. खरं तर कोणीतरी काहीतरी बोलावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. तीन मंडळ्यांत मिळून गेल्या सहा वर्षांत त्यांच्या तोंडावर कोणी नाही म्हटलं नव्हतं, आणि आपण माणसांत काम करतो की फर्निचरमध्ये, असं त्यांना अलीकडे वाटायला लागलं होतं. शिगेको-साननी पेनाचं टोपण काढलं.

आणि किनुए उठली.

अहो, अशी उठली की खुर्ची मागे पडली आणि कागदांची चवड टेबलभर पसरली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि त्या भिंतींनी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "माझं मत वेगळं आहे. मला इथेच राहायचंय."

शिगेको-सानच्या पेनातून शाईचा थेंब पडला, नेमका ‘सर्वानुमते’वर. उशिजिमा-साननी डोळे उघडले. ते म्हणाले, "मग माझे सहा?" तोकी-सान हसायला लागल्या होत्या, पण उशिजिमा-सान सहा म्हणाले हे ध्यानात येताच थांबल्या, म्हणजे यांचे कागदही किनुए-सानकडेच होते? आणि मग, मंडळी, सत्तर वर्षांचं तुंबलेलं गटार फुटावं तशी दोघं बोलायला लागली. वारा फार आहे असं नाही. एकमेकांशी. उशिजिमा-साननी टेबलावर थाप मारून भावाचे ते तीन दिवस सांगितले, बर्फ कुठून आणला, पहाटे किती वाजता बदलला, हात कसे बधिर झाले ते. तोकी-सान म्हणाल्या, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं, मी आले असते, मी बर्फ धरला असता. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं, की शहरातल्या ऑर्गनला पायाखाली पट्ट्या आहेत, तो त्यांना वाजवता येत नाही, तिथे गेलं की त्या नुसत्या एक म्हातारी. तीन तास चाललं. ओरडून झालं, रडून झालं. सेन्सेईंनी एकदाही प्रार्थना करू या म्हटलं नाही. ते गालावर हात ठेवून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा म्हणाल तर दीक्षेच्या दिवशी होता तसा.

शेवटी असं ठरलं, आणि या वेळी खरोखर ठरलं, की चर्च राहील. सेन्सेई महिन्यातून एकदा येतील, कोणाचा अंत्यविधी निघाला तर लग्न सोडून येतील, तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. शिगेको-साननी एकतीस वर्षांत पहिल्यांदा रेघ मारून खोडलं आणि वर लिहिलं, सतरा विरुद्ध दोन. मग सगळी उठून घंटेखालच्या खोलीत गेली. सेन्सेईंनी त्या फळीवरच्या मोकळ्या पट्टीवर, पेन्सिलच्या अक्षरांवरूनच, शाईने किनुएचं नाव गिरवलं, आणि यासुमिचीच्या शेजारची ती जागा कायमची—

"खोटं," मागच्या सीटवरून किनुए म्हणाली. "मी उठलेच नव्हते. सेन्सेईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, सगळ्यांची इच्छा असेल तसं. आणि सगळे म्हणजे मीच होते."